नौलाख तारे आणि फॉर्मातला एक रकाना

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीची सभा एरवी पार्किंगवर सुरू होते आणि पार्किंगवरच संपते. या वेळी ती वॉचमनवर अडकली. नव्या एजन्सीच्या माणसांची पडताळणी हा विषय होता. एक गृहस्थ म्हणाले, रात्रपाळीला नेपाळी नको, परदेशी माणूस, उद्या काही झालं तर शोधायचा कुठे? त्यावर दुसरे उसळून म्हणाले, अहो, गुरखा म्हणजे इमानी माणूस, फौजेत बघा, माणेकशॉ काय म्हणून गेले ठाऊक आहे ना? मरणाला भीत नाही म्हणणारा एक तर खोटं बोलतो किंवा गुरखा असतो! अर्धा तास हेच. एका बाजूला संशय, दुसऱ्या बाजूला कौतुक. ज्याच्यावरून हे चाललं होतं तो दारापाशी चहाचे कागदी कप गोळा करत उभा होता. तो कालिम्पोंगचा. म्हणजे पश्चिम बंगालचा, म्हणजे भारताचा. त्याच्याकडे मतदार ओळखपत्र आहे. सभेतल्या एकालाही हे माहीत नव्हतं, कारण एकानेही विचारलं नव्हतं. सगळे त्याला ‘बहादूर’ म्हणून हाक मारतात. ते त्याचं नाव नाही.

मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटल्या, आणि कौतुकवाली बाजू जास्त चुकीची. संशय घेणाऱ्याने निदान एक प्रश्न तरी विचारला होता. कौतुक करणाऱ्याने तो प्रश्न मान्य करून त्यावर सूट मागितली. ‘परका आहे, पण चांगला आहे’ या वाक्यात ‘परका आहे’ हे ठरून गेलेलं असतं. माझं म्हणणं असं की नेपाळी ही भारतीय भाषा आहे, मराठी जितकी आहे तितकीच, आणि ते पटवायला कुणाच्या शौर्याची पदकं मोजायची गरज नाही. ज्याला पुरावा हवा असेल त्याने दार्जिलिंगचे नेपाळी कवी अगमसिंह गिरी यांच्याकडे बघावं.

गिरींचं नाव मला त्या वॉचमनमुळेच कळलं. एकदा रात्री साडेबाराला आलो तर केबिनमध्ये मोबाइल उलटा ठेवलेला, आवाज अगदी बारीक, आणि एक संथ, जुनं गाणं चाललेलं. विचारलं, नेपाळचं का? तो म्हणाला, “नहीं साब, दार्जिलिंग का.” त्या ‘नहीं’मध्ये नेहमीची नरमाई नव्हती. गाणं होतं ‘नौलाख तारा उदाए’. शब्द गिरींचे, चाल अंबर गुरुंग यांची आणि आवाजही त्यांचाच. नऊ लाख तारे उगवले, धरतीवरचं आकाश हसलं, अशी त्याची सुरुवात. ओळ उजेडाची आणि गाणं उदास. वर आकाश हसतंय आणि खाली एक अख्खा समाज आपलं ठिकाण हरवून बसलाय, या विसंगतीवर ते उभं आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आलं आणि दार्जिलिंगच्या डोंगरातल्या लोकांनी ते आपलंच म्हणून उचललं.

गिरींचा जन्म १९२० च्या दशकातला, दार्जिलिंगचा. १९७१ मध्ये, पन्नाशीही न गाठता ते गेले. सुरुवातीची कविता स्वतःच्या दुःखाची. ‘याद’ हे खंडकाव्य त्या काळातलं. पुढे त्यांची कविता एका माणसाच्या विरहातून बाहेर पडून समाजाच्या विरहाकडे वळली आणि शेवटी ‘युद्ध र योद्धा’ या काव्यापर्यंत आली. त्यात दुसऱ्यांच्या लढाया लढलेल्या गोरख्याची कैफियत आहे. जगाने ज्याच्या खुकरीचं कौतुक केलं, त्याला स्वतःचं असं काय मिळालं, हा प्रश्न. म्हणजे आमच्या सभेतलं ते इमानी-शूर प्रकरण या कवीने अर्ध्या शतकापूर्वीच तपासून बाजूला ठेवलं होतं. आपण मात्र अजून माणेकशॉंच्या नावावरचं वाक्य एकमेकांना ऐकवतोय.

पुढे काय झालं ते जास्त बोलकं आहे. अंबर गुरुंग तेव्हा पश्चिम बंगाल सरकारच्या दार्जिलिंगमधल्या लोकरंजन पथकाचे संगीतप्रमुख होते. हे गाणं सरकारला रुचलं नाही. बाहेर गाण्यावर, ध्वनिमुद्रणावर बंधनं आली. त्यांनी नोकरी सोडली आणि १९६० चं दशक संपता संपता ते काठमांडूला गेले. आता गंमत बघा. याच राज्याने १९६१ च्या राजभाषा कायद्यात दार्जिलिंग, कालिम्पोंग आणि कर्सियांग या डोंगरी भागांसाठी नेपाळीला बंगालीसोबत मान्यता दिली होती. कार्यालयातल्या अर्जाला नेपाळी चालत होती, तिच्यातली तक्रार चालत नव्हती.

भाषेला मान्यता देताना सरकारं नेहमी अशीच वागतात का? आपल्याकडचा अनुभव फार वेगळा नाही. मोरारजी देसाईंचं नाव काढलं की मुंबईतल्या जुन्या माणसाला अजून फ्लोरा फाउंटन आठवतं. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना मराठी राज्याच्या मागणीकडे ते ज्या नजरेने बघायचे, तीच नजर त्यांनी पुढे दिल्लीत नेली. १९७७ नंतर ते पंतप्रधान असताना नेपाळीला घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, घ्या ही मागणी त्यांच्यापुढे आली, तेव्हा त्यांनी ती परकी भाषा आहे असं म्हणून ती उडवून लावली. परकी का? तर ती शेजारच्या देशाची राष्ट्रभाषा म्हणून. ऐकायला हे सरळ वाटतं. पण १९६७ मध्येच, एकविसाव्या घटनादुरुस्तीने, सिंधी अनुसूचीत आली होती. सिंध कुठे आहे? बंगाली आणि उर्दू तर पहिल्या दिवसापासून तिथे आहेत. ढाका आणि कराची कुठे आहेत? तमिळ श्रीलंकेतही राजभाषा आहे, म्हणून ती चेन्नईत परकी ठरते का? नियम एकच असता तर निम्मी अनुसूची पुसावी लागली असती. नियम नव्हताच, होती ती एक सवय: डोळे बारीक, नाक बसकं, म्हणजे पलीकडचा.

शेवटी २० ऑगस्ट १९९२ रोजी लोकसभेने एकाहत्तरावी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि नेपाळी अनुसूचीत आली. सिक्कीमच्या खासदार दिलकुमारी भंडारी त्या लढ्याच्या पुढे होत्या. त्याच दुरुस्तीने, त्याच दिवशी, मणिपुरी आली आणि कोकणीही आली. साहित्य अकादमीनेही कोकणी आणि नेपाळीला १९७५ या एकाच वर्षी दार उघडलं होतं. म्हणजे पणजीत आणि गंगटोकमध्ये एकाच तारखेला भाषा मान्यता दिवस साजरा होतो. सिंधुदुर्गातल्या नि गोव्यातल्या किती जणांना ठाऊक असेल की आपल्या शेजारच्या भाषेच्या पाटावर आणखी कोण जेवायला बसलं होतं?

कोकणीचं नाव आलंच आहे तर आपल्या घरातलंही थोडं बोलू. कोकणी ही स्वतंत्र भाषा नाही, मराठीची बोली आहे, असं आपल्या बाजूने वर्षानुवर्षं हिरिरीने मांडलं गेलं. त्या वादात मोठमोठी विद्वान माणसं होती, सगळ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण तिथेही भाषा कुणाची हे बोलणाऱ्याला न विचारता नकाशाला विचारलं गेलं. बा. भ. बोरकर मराठीतही लिहीत आणि कोकणीतही, आणि त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो ‘सासाय’ या कोकणी संग्रहाला, १९८१ मध्ये. बोरकर कुणाचे, हा प्रश्न त्यांच्या कवितेपुढे जितका खुजा वाटतो तितकाच तो गिरींपुढेही वाटायला हवा. भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी होते; त्यांची गाणी आपण मध्य प्रदेशातून आयात केली असं कुणाला वाटत नाही. इस्रायलमधल्या बेने इस्रायलींनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. त्यामुळे मराठी इस्रायली झाली नाही आणि ते लोक भारताचे हेरही ठरले नाहीत.

आता समोरच्यांचं म्हणणं, आणि त्यातलं जे खरं आहे ते मी नाकारणार नाही.

सगळ्यात वजनदार मुद्दा सीमेचा. १९५० च्या भारत-नेपाळ शांतता आणि मैत्री करारानुसार दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची, मालमत्ता घेण्याची, धंदा करण्याची मुभा आहे. सीमा उघडी आहे. काठमांडूचा नागरिक आणि कर्सियांगचा नागरिक ठाण्याच्या गेटवर उभे राहिले तर त्यांच्या बोलण्यावरून मला फरक कळणार नाही, आणि बहुतेक तुम्हालाही नाही. राज्याला नागरिक कोण हे बघण्याचा हक्क आहे. एजन्सीनेही कागद तपासलेच पाहिजेत. मान्य. पण याचा अर्थ नागरिकत्व कागदावर ठरतं, एवढाच. तो कागद सोडून जिभेवरून नागरिकत्व ठरवायला लागलं की काय होतं ते गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, बंगाली बोलणाऱ्या मजुरांनी भोगलं. पश्चिम बंगालची माणसं बांगलादेशी समजून धरली गेली, काहींना तर सीमेपलीकडे ढकलून नंतर परत आणावं लागलं. आणि तो करार दार्जिलिंगच्या लोकांना सोयीचा वाटतो अशी समजूत असेल तर तीही काढून टाकावी. २७ जुलै १९८६ रोजी कालिम्पोंगमध्ये लोक जमले होते ते त्याच कराराच्या, ही मुभा देणाऱ्या सातव्या कलमाच्या प्रती जाळायला. कारण त्या कलमामुळे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेला माणूस आणि काल आलेला माणूस एकाच पिशवीत पडत होते. पोलिसांनी गोळ्या चालवल्या, माणसं मेली. आम्हाला वेगळं ओळखा, असं ओरडून सांगणाऱ्यांवरच वेगळे नसल्याचा आरोप आपण अजून करतो.

त्या डोंगरातली वस्ती कुठून आली हाही प्रश्न विचारला जातो. आली, हे खरं. सिक्कीमच्या राजाकडून कंपनी सरकारने दार्जिलिंग घेतलं १८३५ मध्ये. त्यानंतर चहाचे मळे उभे राहिले आणि त्यांत राबायला पूर्व नेपाळातून माणसं आली. म्हणजे उपरेच ना? बरं, मग मुंबईत १८३५ च्या आधीपासून किती जण आहेत, याची एकदा मोजणी करू. गिरणगाव तरी कुठून आलं होतं? घाटावरून आणि कोकणातून. त्या माणसांनी इथे लावण्या गायल्या, पोवाडे रचले आणि शहर त्यांचं झालं. दार्जिलिंगला चौरस्त्यावर भानुभक्त आचार्यांचा पुतळा आहे; नेपाळी रामायण लिहिणारे भानुभक्त दार्जिलिंगचे नव्हते. पण त्यांचं रामायण पहिल्यांदा छापून निघालं ते मोतीराम भट्टांच्या खटपटीने, आणि कुठे? काशीत.

नावाचाही मुद्दा आहे आणि तो दार्जिलिंगमधूनच आला. गोरखालँड आंदोलनाचे नेते सुभाष घिसिंग यांचं म्हणणं होतं की ‘नेपाळी’ हा शब्दच घात करतो. भाषेला ‘गोर्खा भाषा’ म्हणा, म्हणजे देशाशी गल्लत होणार नाही. यात तथ्य नाही असं नाही. नाव वेगळं असतं तर आमच्या सभेतला वाद कदाचित पाच मिनिटांत मिटला असता. पण या नावाचा इतिहास जरा उलटा आहे. नेपाळच्या राणा सरकारने भाषेसाठी स्थापलेली समिती होती ‘गोर्खा भाषा प्रकाशिनी समिती’. ती ‘नेपाळी भाषा’ झाली १९३० च्या दशकात. दार्जिलिंगमध्ये मात्र पारसमणी प्रधान, सूर्यविक्रम ज्ञवाली आणि धरणीधर कोइराला यांनी १९२४ मध्येच ‘नेपाळी साहित्य संमेलन’ उभं केलं होतं. म्हणजे ज्या नावामुळे ही भाषा परकी ठरवली जाते, ते नाव भारताच्या हद्दीत सरकारी नेपाळच्या आधी रुजलं होतं. मग कुणी कुणाकडून घेतलं?

आणखी एक आक्षेप आहे, तो मला जास्त टोचतो. नेपाळीचा कैवार घेताना तुम्ही राई, लिंबू, तामांग, मगर, गुरुंग यांच्या भाषा विसरता. डोंगरातल्या या समाजांनी नेपाळी जवळ केली आणि आपापल्या मातृभाषा गमावल्या. हे खरं आहे, आणि याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. नेपाळात तर पंचायत राजवटीत ‘एकच राजा, एकच देश, एकच भाषा, एकच वेष’ अशी घोषणाच होती. २०२१ च्या जनगणनेतही तिथे मातृभाषा नेपाळी असलेले ४५ टक्क्यांच्या आतच आहेत. पण हाच आकडा मोरारजींचा तर्कही मोडतो. नेपाळी म्हणजे नेपाळ, हे समीकरण खुद्द नेपाळातच बसत नाही, मग ते आपण दार्जिलिंगवर का लादायचं? दार्जिलिंगमध्ये ती राजाच्या हुकमाने आली नाही. चहाच्या मळ्यात एका ओळीत पानं खुडणाऱ्या राई बाईला आणि तामांग बाईला एकमेकींशी बोलायला ती लागली. गोंडी नि कोरकूचं आपण जे केलं त्याचा हिशेब देताना मराठी भारतीय नाही असं कुणी म्हणत नाही. मोठ्या भाषेने लहान भाषेवर केलेल्या अन्यायाची तक्रार जरूर करावी. ती तक्रार त्या भाषेला देशाबाहेर घालवण्याचं निमित्त होऊ शकत नाही. भूतानने ते करून दाखवलं. १९८९ मध्ये शाळांतून नेपाळी काढली आणि पुढच्या काही वर्षांत एक लाखाहून जास्त नेपाळीभाषक माणसं देशाबाहेर गेली, पूर्व नेपाळातल्या झापा-मोरंगच्या छावण्यांत राहिली. अभ्यासक्रम बदलण्यापासून ते घर सुटण्यापर्यंतचं अंतर तिथे इतकं कमी होतं. २०१७ मध्ये पश्चिम बंगालमधल्या शाळांत बंगाली सक्तीची होणार म्हटल्यावर दार्जिलिंगने शंभराहून जास्त दिवस बंद पाळला, तेव्हा कोलकात्यात अनेकांना तो अतिरेक वाटला होता. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला तेव्हा महाराष्ट्रात जे झालं ते ज्यांनी बघितलंय, त्यांना तो अतिरेक वाटू नये.

पण मग अंबर गुरुंग गेलेच ना काठमांडूला? शेवटी पाय तिकडेच वळले, मन तिकडेच होतं, असं म्हणणारे आहेत. गेले, आणि मोठे झाले. नेपाळचं आजचं राष्ट्रगीत त्यांच्याच चालीत गायलं जातं. त्याची गोष्टही सांगण्याजोगी आहे. जुनं राष्ट्रगीत राजाचं स्तवन होतं. राजेशाहीविरोधी आंदोलनानंतर नवं गीत मागवलं गेलं, १२७२ जणांनी पाठवलं आणि नोव्हेंबर २००६ मध्ये निवड झाली ओखलढुंग्याच्या एका राई तरुणाच्या गीताची. प्रदीपकुमार राई, कवितेतलं नाव ब्याकुल माइला. माइला म्हणजे घरातला मधला, दुसरा मुलगा. मग त्याच्यावरही संशय आला, हा राजवाड्याच्या मर्जीतला तर नाही ना म्हणून. ज्याच्या गीतात राजाचं नाव नाही, त्याने आधी राजाचा माणूस नसल्याचं पटवून द्यायचं! ३ ऑगस्ट २००७ रोजी ते गीत अधिकृत झालं: शेकडो फुलांची आम्ही एक माळ, असा त्याचा गाभा. दार्जिलिंगमध्ये जन्मलेल्या, भारतात गायचं बंद पडलं म्हणून गेलेल्या माणसाने त्याला सूर दिला. आता सांगा, हा माणूस परका होता म्हणून गेला, की घालवला म्हणून परका झाला? रवींद्रनाथांचं गीत बांगलादेशचं राष्ट्रगीत आहे; त्यावरून कुणी टागोरांच्या निष्ठेचा हिशेब मांडला तर आपण त्याला वेड्यात काढू.

उलट दिशेनेही माणसं आली आहेत. नेपाळच्या जुन्या राष्ट्रगीताची धून बांधणारे होते बखतबहादूर बुढापिर्थी. त्यांच्याच घराण्यातला एक पियानोवादक दार्जिलिंगमध्ये वाढला आणि पुढे मुंबईत स्थिरावला. आपण त्यांना लुई बँक्स म्हणून ओळखतो. १९८८ मध्ये दूरदर्शनवर ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ आलं, ज्यावर आमच्या पिढीने उभं राहायचं की नाही अशा संभ्रमात आख्खा स्वातंत्र्यदिन काढला होता. भीमसेनजींचा आवाज, चाल अशोक पत्कींची, आणि संगीत संयोजनात पत्कींबरोबर लुई बँक्स. त्या गाण्यात चौदा भाषा आहेत. नेपाळी नाही. सगळ्या भाषांचे सूर जिथे जुळवले गेले, तिथे जुळवणाऱ्याच्याच घराण्याच्या भाषेला जागा नव्हती. यात कुणाचा कट नसावा, आणि तेच मला जास्त लागतं. कुणाच्या लक्षातच आलं नसणार. आझाद हिंद सेनेच्या ‘कदम कदम बढाये जा’ची धून कॅप्टन रामसिंह ठाकुरींची, तेही गोरखाच. संविधान सभेत दार्जिलिंगचे अरिबहादूर गुरुंग होते.

थांबा. ही यादी देताना मीच त्या कौतुकवाल्या गृहस्थांच्या वाटेला लागलो. हे बघा, त्यांनीही आपल्यासाठी केलंय, असं. ही वाट कुठे जाते हे महाराष्ट्राला चांगलं माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांनी महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिले, पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी लिहिले. आम्ही तुमच्यासाठी लढलो, आमचे पूर्वज पलटणीत होते, हे त्या अर्जांमधलं मोठं बळ होतं. त्या माणसांना दुसरा मार्गच मोकळा नव्हता, त्यामुळे त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण निष्ठेचा दाखला देऊन मिळालेलं माणूसपण मालकाच्या मर्जीवर टिकतं. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला कोरेगावच्या स्तंभापाशी गेले, सैनिकांना मान दिला. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्या तळ्यावर गेले ते पदकं दाखवायला नव्हे. पाणी सार्वजनिक होतं आणि ते माणूस होते, एवढंच कारण त्यांना पुरलं. गोरख्याच्या बाबतीत आपण अजून पलटणीच्या दाखल्यापाशी अडून आहोत. ज्या नेपाळीभाषक बाईने कधी बंदूक धरली नाही, जी मळ्यात चहा खुडते, तिला कुठला दाखला लावायचा? २०११ च्या जनगणनेत या देशात नेपाळी मातृभाषा सांगणारे २९ लाखांहून जास्त होते. त्यातले सगळे काही शूर नसतील. काही चांगलेच भित्रे असतील, काही आळशी, काही माझ्यासारखे सभेत गप्प बसून नंतर लेख लिहिणारे.

म्हणून गिरी मला महत्त्वाचे वाटतात. त्यांच्या गाण्यात शौर्याची मागणीही नाही आणि निष्ठेची ग्वाहीही नाही. त्यात तक्रार आहे, आणि तक्रार माणूस आपल्याच घरात करतो. पाहुणा घरमालकाला भाडं परवडत नाही असं सांगेल, पण रडून दाखवणार नाही. ‘नौलाख तारा’ काठमांडूत लिहिलं गेलं नसतं. तिथल्या कवीला आपलं आकाश कुणाचं हा प्रश्न पडला नसता. तो प्रश्न दार्जिलिंगमध्येच पडू शकतो, चहाच्या मळ्यांच्या आणि पलटणीच्या त्या डोंगरात, जिथे शाळेतला नकाशा एक सांगतो आणि बाजारातला माणूस दुसरं विचारतो. या अर्थाने ते गाणं जितकं नेपाळी आहे तितकंच भारतीय आहे. किंबहुना भारताशिवाय ते झालंच नसतं. सरकारला ते रुचलं नाही, यालाही माझ्या मते तेच कारण. परक्याच्या रडण्याने सरकारं अस्वस्थ होत नाहीत.

सभेचा निकाल सांगायचा राहिला. पडताळणी करायची असं ठरलं, आणि ते योग्यच होतं. सेक्रेटरींनी एक फॉर्म तयार केला. नाव, वय, आधार क्रमांक, गावचा पत्ता, आणि त्याखाली एका ओळीत तीन चौकोन: मराठी, परप्रांतीय, नेपाळी. मी त्यांना म्हटलं, हे तीन एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीत. ते म्हणाले, सगळीकडे असंच असतं, जुन्या एजन्सीच्या फॉर्मवरून घेतलंय. दोन दिवसांनी रात्री केबिनपाशी थांबलो तेव्हा तो माणूस गुडघ्यावर रजिस्टर, रजिस्टरवर फॉर्म ठेवून भरत होता. नावाच्या जागी त्याचं खरं नाव होतं. मी ते पहिल्यांदाच वाचलं. पत्ता देवनागरीत, जिल्हा कालिम्पोंग, राज्य पश्चिम बंगाल. चौकोनांपाशी तो थांबला, पेनाचं टोपण दातात धरलं, आणि मग ‘परप्रांतीय’वर खूण केली, ‘नेपाळी’वरही केली.

दुसऱ्या दिवशी फॉर्म परत आला. वर लाल पेनाने लिहिलं होतं: कृपया एकच पर्याय निवडावा.